पेडणेकरांनी कापलेली साडेचार मिनिटं

सदानंद पेडणेकर यांनी मला साडेचार मिनिटांना फसवलं. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, पण कागदही आहे, आणि तो कागद पेडणेकरांच्याच अक्षरात आहे.

आता हे पेडणेकर कोण, तर खिशात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन घेऊन फिरणारा माणूस. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीत दुकानदारांचे वजनकाटे तपासले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण वजन खिशातून निघालेलं नाही. शर्टाच्या खिशाचा तो कोपरा कायम लोंबलेला असतो. भाईंदरच्या भाजीबाजारात ते शिरले की "अंकल आ गए" अशी कुजबूज पुढे पुढे सरकत जाते आणि गिऱ्हाईक नसलेले भाजीवालेसुद्धा आपापले काटे पुसायला लागतात. पेडणेकर काही बोलत नाहीत. काट्यावर ते वजन ठेवतात, आकडा बघतात, उचलतात आणि मग अर्धा किलो भेंडी घेतात. भाव विचारत नाहीत. "भाव तुमचा, माप माझं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्यासमोर "अंदाजे" म्हणायची सोय नाही. "अंदाजे म्हणजे किती?" असा प्रश्न लगेच येतो. त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'सहा माणसे, ४०८ किलो' अशी पाटी आहे. पाचवा माणूस आत आला की पेडणेकर त्याला नमस्कार करून विचारतात, "आपलं वजन?" चौथ्या मजल्यावरच्या एक बाई तेव्हापासून जिन्याने जातात. पेडणेकर म्हणतात, त्यांची तब्येत सुधारली.

हा माणूस माझ्या आयुष्यात आला तो गिऱ्हाईक म्हणून. नवघर रोडला माझं टाइल्स आणि नळांचं दुकान आहे. मराठवाड्यातून आलो तेव्हा मी हातगाडीवर फुटक्या लाद्या विकत होतो. आज तीन गाळे आहेत. हे सगळं घासाघीस करून उभं केलंय. खरेदी करताना मी घाम काढतो आणि विकताना समोरच्याला काढू देतो. त्यातच धंद्याची मजा आहे. पेडणेकरांनी एक नळ घेतला. त्याच्या तोंडाचा व्यास त्यांनी घरून आणलेल्या मापपट्टीने तीन वेळा मोजला. मी भाव सांगितला, कमी करायला जागा ठेवून. त्यांनी तेवढे पैसे मोजून दिले आणि निघाले. माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता. मी मागून ओरडलो, "अहो साहेब, काहीतरी कमी करा म्हणा ना!"

ते वळले आणि म्हणाले, "तुम्ही आत्ता माळ्यावरून नळ काढून उतरलात. तुमचा श्वास मिनिटाला अठ्ठावीस चालतोय. उद्या सकाळी साडेपाचला मैदानावर या."

मी का गेलो ते मला आजही सांगता येत नाही. पण गेलो, आणि अशा रीतीने सव्वीस जणांच्या धावणाऱ्या क्लबात पडलो.

धावणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. चार किलोमीटर धावतात आणि चाळीस फोटो टाकतात. आमच्यात जिग्नेश गाला आहे. त्याच्या घड्याळाने त्याला सांगितलं की तू काल नीट झोपला नाहीस, की तो दिवसभर जांभया देतो. आमच्यात एक डॉक्टर आहेत, ते दुसऱ्यांना गोळ्या लिहून देतात आणि स्वतः बिटाचा रस पितात. एक नवरा-बायको आहेत, ते एकाच रंगाचे टी-शर्ट घालून एकमेकांशी न बोलता धावतात. या सगळ्यांत पेडणेकर म्हणजे पांढरी हाफ पँट, काळे सरकारी मोजे आणि खिशात वजन. धावताना ते वजन मांडीवर आपटतं. त्यांना विचारलं तर म्हणतात, "पन्नास ग्रॅमने वेळेत फरक पडत नाही, मी काढून बघितलंय."

एकदा आम्ही सगळे बाहेर कुठेतरी दहा किलोमीटरची शर्यत धावलो. सगळ्यांना पदकं मिळाली. पेडणेकर दुसऱ्या दिवशी मोजायचं चाक घेऊन एकटे तिथे गेले आणि अख्खा रस्ता मोजून आले. मग त्यांनी आयोजकांना पत्र लिहिलं: 'एकशे चाळीस मीटर धावायचे राहून गेले असल्याने पदक सोबत परत करीत आहे.' आम्ही बाकीच्यांनी आपापली पदकं गुपचूप कपाटात टाकली.

आता मूळ तक्रारीकडे येतो. आमच्या क्लबाची वर्षातून एक मोठी शर्यत असते. राई गावातून सुटायचं, मोर्वा, डोंगरी करत चढाला लागायचं, पालीवरून वळसा घेऊन चौकच्या टेकडीवर संपवायचं. अंतर दहा किलोमीटर सातशे चाळीस मीटर. हे कुणी मोजलं ते सांगायला नको. पूर्वी सगळे एकदम सुटायचे आणि जो आधी पोचेल तो जिंकायचा. तीन वर्षांपूर्वी पेडणेकरांनी नवीन पद्धत आणली. जो सगळ्यात हळू, त्याने सगळ्यात आधी सुटायचं. जो सगळ्यात वेगवान, त्याने सगळ्यात शेवटी. प्रत्येकाच्या शेवटच्या तीन सरावांच्या वेळा घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची आणि त्यावरून कुणाला किती मिनिटं सूट ते ठरवायचं. गणित बरोबर असेल तर सव्वीसच्या सव्वीस माणसं टेकडीवर जवळजवळ एकदमच पोचतात. त्यात जो पहिला, त्याला क्लबाची पितळी शिट्टी वर्षभर घरी ठेवायला मिळते.

शिट्टीच ती. पण मला ती हवी होती. पहिल्या वर्षी अकरा सेकंदांनी गेली, दुसऱ्या वर्षी पुलावर म्हशी आडव्या आल्या, तिसऱ्या वर्षी मिळालेली सूट पुरली नाही. आणि यंदा डॉक्टरांनी बजावलं होतं की लाद्यांचे खोके उचलून उचलून तुमच्या मणक्यात काही राहिलेलं नाही. चढावर धावणं या वर्षीपुरतं, पुढे सपाटीवर चालायचं. म्हणजे ही माझी शेवटची संधी होती. शाळेत असताना कुठल्या स्पर्धेत उतरायला वेळ मिळाला नाही, पुढे धंद्यात जे जिंकलो त्याची शिट्टी कुणी देत नाही. एकदा तरी पहिलं यायचं होतं.

सूट म्हणून मिळणाऱ्या मिनिटांवर मी दरवर्षी पेडणेकरांच्या घरी जाऊन घासाघीस करत असे. ते मीरा रोडला एकटे राहतात. बायको जाऊन सात वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. ते चहा करतात तेव्हा पावडर छोट्या काट्यावर मोजून घेतात. गेल्या वर्षीचा आमचा संवाद असा:

"तेरा मिनिटं चाळीस सेकंद."

"पंधरा करा साहेब."

"तेरा चाळीस."

"माझं वय बघा. मणका बघा. चौदावर आणा, मी उठतो."

"जाधव, हे टाइल्सचे खोके नाहीत."

मी उठलो आणि दाराबाहेर पडलो. गिऱ्हाईक पायरी उतरलं की दुकानदार हाक मारतोच, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. हाक आली नाही. मी दोन मजले उतरलो. तरी हाक नाही. मग हेल्मेट विसरलो म्हणून परत चढलो. पेडणेकर दारात हेल्मेट घेऊन उभे होते. म्हणाले, "तेरा चाळीस. आणि जिना चढताना तुम्ही टाचेवर जोर देताय, चवड्यावर द्या."

असा हा माणूस. एक सेकंद इकडचा तिकडे करणार नाही. म्हणून यंदा मी घासाघीस करायला गेलो नाही. माझे तिन्ही सराव मी स्वतः घड्याळ लावून केले, सरासरी काढली, दुकानातल्या पोरीकडून ती तपासून घेतली. चोख चौदा मिनिटं बसत होती.

शर्यतीच्या सकाळी राईत मंदिरासमोर कागद भिंतीला चिकटवलेला होता. जाधव, साडेनऊ.

मी पेडणेकरांना गाठलं. ते बुटाची नाडी बांधत होते, आणि खूप वेळ बांधत होते.

"साहेब, हे काय आहे?"

"सूट."

"चौदा बसते. हा माझा हिशेब."

"बघितला."

"मग साडेनऊ कशी?"

"कागद लागला, जाधव. आता बदलत नाही."

"आणि गालाला वीस? त्याची सोळाच बसतात! तो काल झोपलासुद्धा नीट!"

"अरे जाधवभाऊ, शांती रखो ना यार," गाला मागून केळं सोलत म्हणाला. "फन रन है अपना."

"तुझी वीस मिनिटं मला दे, मग मीपण फन करतो."

पेडणेकर नाडी सोडून उठले. त्यांनी घड्याळ क्लबातल्या सावंतबाईंच्या हातात दिलं. पाय मुरगळल्यामुळे बाई धावणार नव्हत्या, सगळ्यांना सोडण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्या तुकडीबरोबर पेडणेकर सुटले. मी त्यांच्या पाठमोऱ्या सरकारी मोज्यांकडे बघत शिव्या गिळल्या, आणि सुटताना भिंतीवरचा कागद काढून खिशात घातला; सावंतबाईंकडे दुसरी प्रत होती.

रागात माणूस किती धावू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. मोर्व्यापर्यंत मी पाच जणांना मागे टाकलं. डोंगरीच्या चढावर डॉक्टर दिसले. बिटाचा रस त्यांच्या कामी आला नाही. तो चढ असा आहे की दुचाकीसुद्धा पहिल्या गिअरमध्ये रडते. माझा मणका बोंबलत होता आणि मी मणक्याशी भांडत होतो. कठड्याला हात लावून पेडणेकर चालत होते, त्यांनाही मी तिथेच ओलांडलं. ते धावत नव्हते, चालत होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही. पालीच्या अरुंद गल्ल्यांमधून, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या कडेने, स्कूटर चुकवत मी पळालो आणि चौकची टेकडी एका दमात चढलो.

वर पोचलो तर गाला शिट्टी वाजवत होता.

मी दुसरा आलो होतो. तो माझ्या आधी एक मिनिट चाळीस सेकंद. माझी साडेचार मिनिटं मला मिळाली असती, तर मी त्याच्या आधी तिथे बसून घाम पुसला असता.

एरवी मी शर्यत संपली की तिथे पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही. दुकानाचा माणूस आदल्या दिवशी माझी स्कूटर टेकडीखाली लावून ठेवतो. मी येतो, हात हलवतो, किक मारतो आणि साडेनऊला गाळा उघडतो. त्या दिवशी मी थांबलो. ठरवलं की पेडणेकर वर येऊ देत, सगळ्यांसमोर कागद त्यांच्या हातात देईन आणि जाब विचारीन.

टेकडीवर शेवटचं घर रोझीमावशीचं. आमचा नाश्ता तिच्याकडे असतो: उकडलेली अंडी, पाव, आणि मोठ्या पातेल्यातला चहा. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. एकेक जण येत होते. गाला भोवती माणसं जमवून आपण चढ कसा मारला ते सांगत होता. हा एकदा बसला की त्याच्याभोवती दहा जण बसतात, हे मात्र खरं.

"तू आज घरी न्हाय गेला?" मावशीने विचारलं. "दरवर्षी तर पलतोस."

"पेडणेकरांची वाट बघतोय."

मावशीने हातातला पाव खाली ठेवला. "बरा केलास. त्याला बरा वाटंल."

"बरं वाटायला नाही थांबलो. भांडायला थांबलोय."

"भांड. पन थांब."

मी कागद काढून तिच्यापुढे धरला आणि सगळी हकिगत सांगितली. मावशीला आकड्यांत रस नव्हता. ती म्हणाली, "तो गेल्या हप्त्यात आलेला, एकलाच. खालून वरपरत आला, घड्याल बघितला, ना गप बसला. मी चा दिला. बोलला, मावशी, गुडघा गेला माझा. कुनाला बोलू नको."

मी कागदावर पेडणेकरांचं स्वतःचं नाव शोधलं. त्यांनी आपली सूट गेल्या वर्षीइतकीच लिहिली होती. म्हणजे आपण किती हळू झालोय हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी कागदावर येऊ दिलं नव्हतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे धरणाऱ्या माणसाने स्वतःचा काटा खोटा लावला होता. त्या कागदाप्रमाणे ते आत्तापर्यंत वर यायला हवे होते. रस्ता रिकामा होता.

"ना त्या वर्साला तर लईच झाला," मावशी म्हणाली.

"कुठल्या वर्षाला?"

"चार वर्सं झाली. सगले एकदम सुटायचे ना तवा. तुम्ही आलात, खाल्लात, तो शर्यतीचा फडका गुंडालला, पातेलासुद्धा मी धुतला. मंग हा वर आला. इथं उभा राहिला ना मला बोलला, शर्यत इथंच संपते ना? मी बोलले, आताच गेले रे बाबा, तुझी वाट बघून बघून. खोटाच बोलले. कोन थांबलेला न्हवता. मंग माझ्याकडनं पेन्सिल घेतली, तू बसलास ना तिथंच बसला, ना दुपारपरत आकडे लिवत बसला."

मी पुन्हा कागद बघितला. आता मी आकडे बघत नव्हतो, नावं बघत होतो. कुणाला खरी किती सूट बसते ते घासाघिशीच्या सवयीने मला पाठ होतं. माझी साडेचार मिनिटं कापली होती. मी दुकान उघडायला पळतो. डॉक्टरांची चार कापली होती. ते दवाखान्यात पळतात. एकाच रंगाच्या टी-शर्टवाल्यांची साडेतीन-साडेतीन. ते कुठेतरी हॉटेलात खायला जातात. जो निघून जातो त्याला उशिरा सोडलं होतं, म्हणजे तो उशिरा पोचेल. आणि जो फतकल मारून बसतो आणि बाकीच्यांना बसवतो, त्या गालाला चार मिनिटं वाढवून आधी वर पाठवलं होतं. सव्वीस माणसांचा सगळा घोटाळा एका गोष्टीसाठी होता: गुडघा गेलेला एक म्हातारा वर पोचेपर्यंत टेकडीवर माणसं असावीत.

डॉक्टर गाडीची किल्ली शोधत उठले. मी म्हणालो, "डॉक्टर, बसा."

"क्लिनिक आहे जाधव."

"मलाही दुकान आहे. बसा म्हणतोय ना. अंडं खा."

माझ्या आवाजाला घाबरून टी-शर्टवालेही बसले.

वीस-बावीस मिनिटांनी पेडणेकर वळणावर दिसले. एक हात गुडघ्यावर, एक कठड्यावर. वर आल्यावर हा माणूस आधी घड्याळ बघेल असं मला वाटलं होतं. त्यांनी मान वर केली आणि बोटाने हवेत टोचत टोचत माणसं मोजली. बोट माझ्यापाशी आलं आणि थांबलं.

"जाधव? तुम्ही अजून इथे?"

"तुमची वाट बघतोय. भांडायचंय."

"दुकान?"

"उघडेल उशिरा."

"बरं," ते म्हणाले. धाप लागल्यामुळे पुढचं बोलता येईना. मी सरकून ओट्यावर जागा केली. ते बसले. मावशीने त्यांच्यापुढे ताटली ठेवली, आणि या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पाव किती ग्रॅमचा आहे ते न बघता खाल्ला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमची चौदाच बसत होती."

"माहितेय."

"शिट्टी तुमची होती."

"तेही माहितेय. चहा घ्या, गार होतोय."

आता माझी तक्रार. ती मी मागे घेतलेली नाही. माझ्या मणक्याने मला एकच संधी ठेवली होती आणि ती गेली. पण जबाब मी पेडणेकरांकडे मागत नाही. त्यांनी कबूल केलंय. मला क्लबाकडून लेखी उत्तर हवंय. चार वर्षांपूर्वी एक माणूस चढावर आहे हे दिसत असताना शर्यत संपते तिथला तो कापडी फलक गुंडाळायला सांगितलं कुणी? सगळे आले का, हे मोजायचं काम कुणाचं होतं? सव्वीसमधून एक वजा केला की पंचवीस उरतात. या पंचवीसांतल्या एकालाही चहा पिताना तो आठवला कसा नाही? सगळ्यात आधी स्कूटरला किक मी मारली होती, हे मी इथे लिहून देतो. बाकीच्या चोवीस जणांनी आपापलं बोलावं.